चांगला माल

“माल बघून बोलावं,” असं म्हणतच मावशी आमच्या लॅबमध्ये शिरायची. आळेफाट्याला एका वखारीत ती कांदा निवडायला जायची. मोठा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, सडका बाहेर. खुर्चीला बूड टेकलं न टेकलं की उठलीच. माझ्या टेबलावरच्या रिकाम्या नळ्या बुचांच्या रंगाप्रमाणे लावायला घ्यायची. मी ओरडायचे, “अहो मावशी, हात लावू नका!” “बरं बाई,” म्हणून दारापर्यंत एक फेरी, की पुन्हा नळ्यांपाशी. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. ती बसत नाहीत आणि आपल्यालाही बसू देत नाहीत.

तिचं स्वादुपिंड कितीतरी वर्षं सारखं सुजत आलेलं. आता खाल्लेलं अंगी लागेना, चोळी ढगळ झाली. डॉक्टरांनी शौचाची तपासणी लिहून दिली. मी डबी दिली, समजावलं. “जेवण पचवायचा रस सुटतोय का, ते पुण्याच्या लॅबला पाठवून कळतं. घट्टसर असलं म्हणजे झालं.” तिनं डबी पदराखाली दडवली आणि निघाली.

आठवडा गेला, मावशीचा पत्ता नाही. बाजारात गाठ पडली तेव्हा विचारलं.

“लई तेलकट हाय गं. पाण्यावर तरंगतंय. असला माल पुण्याला धाडायचा व्हय? चांगला आला की देते.”

“मावशी, त्याचा लिलाव नाही मांडायचा!” मला हसू आवरेना.

पण बाई खरंच चांगल्या मालाची वाट बघू लागली. मासवडी सोडली, तेल सोडलं, कोरड्या भाकरीवर राहिली. गाल आणखी आत गेले. मग माझं डोकंच फिरलं. तडक वखारीत गेले आणि चारचौघींत झापलं, “जिवापरीस लाज मोठी झाली का हो?”

तिनं मला दंडाला धरून बाजूला नेलं.

“लाज कसली पोरी? आमची आई अशीच वाळून गेली. तिचंबी असंच व्हतं. लोक म्हनले बाहेरचं हाय, लिंबं उतरवली. आता माझं खराब दिलं तर खराबच लिहून यील. मग कुनाच्या आशेवर जगू मी?”

माझा राग कुठल्या कुठे गेला. “रस सुटत नसेल तर तेल सोडून तो सुटणार नाही, मावशी. पण कळलं तर इलाज आहे. उद्या आणा.”

सकाळी शटर उघडायच्या आधी बया हजर. “बघ, घट्ट हाय,” म्हणाली. चेहऱ्यावर केवढा तोरा!

रिपोर्ट आला. रस जवळजवळ नाहीच. डॉक्टरांकडे मीही सोबत गेले, कारण एकटी गेली असती तर अर्ध्या वाटेतून परतली असती.

“मंजी मरायचं का आता?” तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

“मरायचं कशाला?” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या पोटात जो रस नाही, तो गोळीतून द्यायचा. रोज, प्रत्येक जेवणात.”

बऱ्याच दिवसांनी वखारीवरून जाताना तिनं हाक मारली. बायकांच्या घोळक्यात जेवायला बसली होती. गाल भरले होते. देवा, किती बरं वाटलं मला! हाताला धरून तिनं मला शेजारी बसवलं, मासवडी पुढं केली. स्वतः गोळी घेतली, घास घेतला.

“पोरी, ही गोळी आईला मिळाली असती, तर जगली असती का गं ती?”

“जेवा मावशी,” म्हणत मी मासवडी तिच्याकडं सरकवली.

ती जेवत राहिली. रडत होती, पण जेवत राहिली.