ऑटोमॅटिकसमोरची एक खूण

शोरूममधून आणलेली माहितीपत्रकं मी तीन आठवडे वाचत होतो. गाडी ठरली होती, छोटी हॅचबॅक. व्हेरियंट कोणतं घ्यायचं एवढंच अडलं होतं. सगळ्यांत वरच्या मॉडेलला सनरूफ, अलॉय व्हील, मोठा टचस्क्रीन. मधल्याला यातलं काही नाही, पण ते ऑटोमॅटिक मिळत होतं. किंमत जवळजवळ सारखी.

बायकोला ऑटोमॅटिक हवी होती. लग्नाआधी स्कूटरवरून पडून तिचा डावा घोटा मोडला होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा क्लच दाबून घोटा संध्याकाळी सुजायचा, तरी तिने लायसन्स काढलं. तिचं माहेर वटारचं. तिथे वाडीतल्या घरात तिची आई एकटी राहायची.

"मनात आलं की आईकडे जाता आलं पाहिजे," ती म्हणाली होती. "तुमच्या सुट्टीची वाट न बघता."

ऑफिसात मी निविदांचे तक्ते करतो. त्याच सवयीने दोन रकाने आखले आणि जे मिळतं त्यापुढे खूण करत गेलो. सनरूफला एक, फॉग लॅम्पला एक, कपहोल्डरलाही एक. ऑटोमॅटिकलाही एकच. वरचं मॉडेल बऱ्याच खुणांनी जिंकलं. कागद तिच्यापुढे ठेवून म्हटलं, बघ, माझ्या मनचं काही नाही यात.

तिने तो शेवटपर्यंत वाचला. "कपहोल्डरमध्ये काय ठेवणार? कटिंग?"

मी हसलो आणि दुसऱ्या दिवशी बुकिंग केलं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सनरूफची एकही गाडी नव्हती. हे मला रकाने आखण्याआधीच माहीत होतं, आज कबूल करतो.

तिने प्रयत्न केला. दोनदा वटारच्या वाटेवरच्या निर्मळपर्यंत जाऊन आली, दोन्ही वेळा लंगडत जिना चढली. मग डावीकडच्या सीटवर बसू लागली. सासूबाई फोनवर विचारायच्या, दारात गाडी आहे, मग येत का नाहीस? ती सांगायची, रविवारी येतो. त्यातले किती रविवार मी झोपून काढले, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही.

सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. मागच्या महिन्यात मी म्हटलं, ही विकू, ऑटोमॅटिक घेऊ. ती वालाच्या शेंगा सोलत होती.

"आता कुणाकडे जायचंय हो?"

आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मला काय हवंय ते सांगायची लाज वाटली. ती गाडी चालवतेय, मी शेजारी नुसता बसलोय. केळीच्या बागा सुरू होतात, वटारचं वळण येतं, मला काही न विचारता ती गाडी आत घेते. आणि आवाज ऐकून सासूबाई ओटीवर आलेल्या असतात.