उलटा हात

“घोडी माझी आहे, मामा! परवा पोराच्या वरातीत ती नाचणार म्हणजे नाचणार!”

मालकांचा आवाज असा, की तळ्यापलीकडच्या गावात लोकांनी वादळ समजून वाळवणं आत घेतली असतील. त्यांची घोडी शिकवणारे दगडूमामा मात्र तिच्या पुढच्या पायांशी उकिडवे बसलेले. एका पायाला उलटा हात लावत, मग दुसऱ्याला, मग पुन्हा पहिल्याला. लगाम धरून धरून तळव्याला गेंड्याचं कातडं आलंय, त्याला ऊब कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

“पाय गरम आहे. पंधरा दिवस नाच बंद.”

“लंगडते कुठं?”

“लंगडल्यावर तुम्हालाही कळेल. मग मी कशाला?”

मी कुंपणाशी उभा होतो, आणि मला उगाच अस्वस्थ व्हायला लागलं. शिकवलेलं जनावर दुखत असलं तरी हलगी वाजताच नाचतं. म्हणून ज्यानं नाचायला शिकवलं, त्यालाच एक दिवस आडवं उभं राहावं लागतं. मीही जन्मभर दुसऱ्यांच्या हलगीवर नाचलो, निदान सात लाख वेळा. माझा पाय कोणी चाचपला? तिथंच वाकून मी माझ्या गुडघ्याला उलटा हात लावून पाहिला. काही कळलं नाही.

मालक धुसफुसत निघून गेले.

“मामा, उद्या ते घोडी दुसऱ्याकडे नेतील,” मी म्हणालो.

“नेतील. टेम्पोतून न्या म्हणावं, चालवत नको.”