आडवी सायकल

मी बेलवलीतून निघाले त्या दुपारी पप्पांनी माझ्यासाठी कल्याण-बदलापूर रस्ता बंद केला होता.

विमानतळावर न्यायला सांगितलेली सुमो रस्त्याच्या पलीकडे उभी होती. ड्रायव्हरला वळसा घालायचा कंटाळा आला होता. पप्पांनी माझी मोठी बॅग सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून गल्लीच्या तोंडापर्यंत आणली, सोडली आणि माझ्या धाकट्या भावाच्या, मिलिंदच्या हातात दिली. मग ते सायकल घेऊन रस्त्यात शिरले, ती आडवी लावली आणि सीटवर हात ठेवून उभे राहिले. विटांचा ट्रक करकचून थांबला. त्याच्यामागे रिक्षा, रिक्षामागे मोटारसायकली.

ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढलं. "ओ काका, रस्ता काय घरचा आहे का?"

"पोरगी परदेशी चाललीय," पप्पा म्हणाले. "दोन मिनिटं घरचाच समज."

ट्रकवाला हसला. मी ओलांडलं. माझ्यामागे आई, हातात चकल्यांचा डबा. मिलिंद बॅग ओढत, मान खाली घालून. तेव्हा तो टेम्पो शिकत होता आणि सायकलवाल्या बापाची त्याला लाज वाटायला लागली होती. सुमोच्या काचेतून मी मागे पाहिलं, हात हलवायचा म्हणून. पप्पा माझ्याकडे बघतच नव्हते. मोकळा रस्ता पाहून आणखी दोन सायकलवाले आणि एक कोळीण ओलांडायला आले होते, आणि पप्पा त्यांच्यासाठी थांबले होते.

जायच्या आधी मी मिलिंदला यादी करून दिली होती. गॅसचा नंबर कधी लावायचा, आईच्या बीपीच्या गोळ्या कुठून आणायच्या, लाईटबिल, आणि शेवटी पप्पांच्या सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर. माझ्या यादीला घरात सगळे हसायचे, पण मिलिंदने सगळं केलं. रिफ्लेक्टरसुद्धा लावला. मागून येणाऱ्यासाठी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलेलं होतं.

तुमच्यापैकी जे बेलवलीत, शिरगावात राहिलात त्यांना पुढचं माहीत आहे. जे माझ्यासारखे निघालात, त्यांच्यासाठी नीट सांगते, कारण आपल्या डोक्यात अजून जुनाच रस्ता आहे.

पप्पा अंबरनाथला एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर यायचा. गेट रस्त्याच्या एका बाजूला आणि बदलापूरकडे जाणारी बाजू पलीकडे. सिग्नल कधीच नव्हता, पोलीस तर नव्हताच. त्यामुळे कामगारांनी आपली रीत बसवली होती. गेटच्या बाहेर सगळ्यांनी थांबायचं, माणसं जमू द्यायची. मग ज्याची पाळी असेल त्याने पुढे होऊन सायकल आडवी लावायची आणि सगळे पलीकडे गेल्यावर आपण जायचं. त्या माणसाला 'फाटक' म्हणायचे. "आज फाटक कोण रे?" असा आवाज यायचा आणि कोणीतरी कुरकुरत पुढे व्हायचा. तरणीबांड पोरं अंगावर गाडी येईपर्यंत हसत उभी राहायची. पप्पांना ते आवडायचं नाही. त्यांचं म्हणणं, फाटकाने हसायचं नाही, हात दाखवायचा नाही, शिवी द्यायची नाही. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं, बस. पहिला थांबला की रस्ता थांबला.

आणि ते खरंच होतं. तेव्हा रस्ता एवढासा होता. जायला एक, यायला एक. पहिल्याच्या मागचा जाणार कुठे?

मी कैची मारत सायकल शिकले ती याच रस्त्याच्या कडेने, पप्पांच्याच सायकलवर. शाळेत, मग कॉलेजात, मग उल्हासनगरला एका कारखान्यात स्टोअरला लागले तेव्हाही, घरातून निघताना पाठीमागून एकच वाक्य यायचं. इतर घरांत "सांभाळून जा" म्हणतात. पप्पा म्हणायचे, "एकटीने ओलांडू नकोस. माणसं जमू दे."

शारजामध्ये माझे मिस्टर एसी मेकॅनिक म्हणून आधीच गेले होते. मला एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात काम मिळालं. कामगारांच्या राहण्याच्या खोल्या, मेस, बसचे वेळापत्रक हे सगळं माझ्याकडे. याद्या करणाऱ्या बाईला यापेक्षा चांगली नोकरी कुठे मिळणार! आठवड्याभरात मुदीर, म्हणजे आमचे मॅनेजर, 'यल्ला, सुजाता को दो' एवढंच म्हणून कागद माझ्या टेबलावर टाकायला लागले. त्यात एक काम होतं सायकलींचं. कॅम्पमध्ये, म्हणजे त्या खोल्यांच्या वस्तीत, कामगारांनी जुन्या सायकली घेतलेल्या असायच्या आणि समोरचा हायवे ओलांडून ते दुकानात जायचे. गाड्या तिथे थांबत नाहीत, थांबूही शकत नाहीत एवढ्या वेगात असतात. मी हिंदीत सर्क्युलर काढलं की मेन रोडवर सायकल मना आहे, पूल वापरा. गोरखपूरकडचा एक गवंडी ते वाचून माझ्याकडे आला. "मैडम, पुल उधर है और आटा इधर है," एवढंच म्हणाला. मी त्याला चमकणारं जॅकेट दिलं. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

इकडे फोनवरून रस्त्याच्या बातम्या येत होत्या. रस्ता रुंद झाला. मधे डिव्हायडर आला. एकेका बाजूला दोन दोन लेन झाल्या. बदलापूरला इमारती उठल्या, घरटी मोटारसायकल आली. कंपनीत परमनंट माणसं कमी होत गेली. नवी कॉन्ट्रॅक्टची पोरं बाइकवर यायची आणि भोंगा व्हायच्या आधीच किक मारून उभी असायची. लोंढ्याचा घोळका झाला, घोळक्याचे पाच-सहा जण उरले. पाळ्या लावायला माणसं नव्हती, म्हणून फाटक रोज पप्पाच. मिलिंद तोपर्यंत उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडे लागला होता. जीन्सचे गठ्ठे टेम्पोत भरून वॉशिंगला नेणे आणि आणणे. रस्ता तोच, पप्पांचाच.

मी पहिल्यांदा सुट्टीवर आले तेव्हा रविवारी जेवताना दोघांचं जुंपलं.

"पप्पा, तुम्ही लोक मधेच घुसता. हात नाय, काय नाय. ब्रेक मारला ना, की मागचे गठ्ठे मानेवर येतात."

"मग सावकाश चालव."

"शेठ बोलतो, टाइम पे माल नाय पोचला तर चावी दुसऱ्याला. त्याला जाऊन सांगा सावकाश."

"त्याला सांग, हॉर्न मारून रस्ता रुंद होत नाही."

"रस्ता रुंदच आहे आता! तुमचीच सवय जुनी आहे. झेब्रावरून क्रॉस करायचं, हा रूल आहे."

"झेब्रा दाखव," पप्पा म्हणाले. "बेलवली ते अंबरनाथ एक झेब्रा दाखव मला. मी त्याच्यावर झोपून दाखवतो."

"झेब्रा जाऊ द्या," आई म्हणाली, "आधी भात संपवा. तुमच्या रस्त्यात माझी आमटी थंड झाली."

आम्ही हसलो. मला दोघांचंही पटत होतं, हीच अडचण होती. पप्पांनी रस्ता अडवणं बेकायदेशीर होतं आणि दुसरा उपाय कोणी ठेवलेला नव्हता. मिलिंदला वेग आवडत होता असं नाही. त्याच्या मागेही कोणीतरी हॉर्न मारतच होतं. कुठेही ठोकलं की आधी मार मोठ्या गाडीवाल्याला पडतो, चूक कोणाची हे नंतर, असं तो म्हणायचा, तेही खोटं नव्हतं. निघताना मी पप्पांना सांगितलं की आता दोन लेन आहेत, पहिला थांबला तरी दुसरा थांबतोच असं नाही. ते म्हणाले, "माणूसच असतो ना गाडीत? मग थांबतो."

नाही थांबला. म्हणजे त्याला दिसलंच नाही.

मला हे मिलिंदने सांगितलं, तुकड्यातुकड्याने. दुपारचा भोंगा झाला होता. पाच जण ओलांडायचे होते. पप्पांनी सायकल आडवी लावली, टँकरवाल्याच्या डोळ्यांत बघितलं, टँकर थांबला. टँकरमागे मिलिंदचा टेम्पो होता. टँकरच्या पुढे काय आहे ते त्याला दिसत नव्हतं. उशीर झाला होता. त्याने हॉर्नवर हात ठेवला तो ठेवला. बाजूची लेन मोकळी दिसल्यावर एक जीप टँकरच्या उजवीकडून पुढे आली. पप्पा आणि सायकलचं पुढचं चाक तेव्हा त्या लेनमध्ये होतं.

मिलिंद शिव्या घालत टेम्पोतून उतरला, रस्ता कोणी जाम केला ते बघायला. शिवी अर्धी तोंडात असताना त्याला रिफ्लेक्टर दिसला.

जीपवाल्याला लोकांनी मारलं. तो रडत एकच सांगत होता, टँकरच्या आड होते हो, मला दिसलेच नाहीत. मिलिंदने त्याला हात लावला नाही. लोकांना तो मोठेपणा वाटला.

मी पोचले तेव्हा उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात पप्पांच्या मांडीत रॉड घातलेला होता. गुडघा वाकणार नाही, डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मी नेहमीप्रमाणे औषधं, रिपोर्ट, बिलं लावून ठेवली, डबा कोण आणणार ते ठरवलं. मिलिंद पाण्याची बाटली भरून आला. पप्पा छताकडे बघत होते. मी विचारलं, "पप्पा, तुम्ही तर जन्मभर उभे राहिलात. जीप येताना कळली नाही?"

"पहिल्याच्या डोळ्यांतच बघत होतो," पप्पा म्हणाले. "टँकरमागून हॉर्न ओळखीचा वाटला. म्हणून मान वळवली."

मिलिंदने बाटली टेबलावर ठेवली आणि बाहेर गेला. जिन्याच्या खाली मला सापडला. पप्पा त्यानंतर त्या हॉर्नबद्दल कधी बोलले नाहीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आला की आवाजावरून ते आईला "चहा टाक, मिलिंद आला" म्हणायचे, वर्षानुवर्षं. त्यांना माहीत होतं की नाही, हे विचारायची गरज मला वाटली नाही.

मी स्वस्थ बसणारी नाही. परत जाण्याआधी सहा मुद्द्यांचा अर्ज लिहिला. सिग्नल, झेब्रा, पाळीच्या वेळेला एक पोलीस, गतिरोधक, दिवे, फलक. कंपनीतल्या उरलेल्या सायकलवाल्यांच्या सह्या घेतल्या आणि स्वतः रस्त्याचं काम बघणाऱ्या सरकारी ऑफिसात गेले. साहेब सभ्य होते. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला.

"मॅडम, सायकलवाले राहिलेत किती आता?"

"आहेत तेवढे तरी घरी पोचायला हवेत."

"बरोबर आहे. पण तुमच्या वडिलांनी रस्ता अडवला होता, हे मी इथे लिहू का?"

मी अर्ज ठेवून आले.

काम झालं, नाही असं नाही. काही महिन्यांनी मिलिंदचा फोन आला. कंपनीसमोर डिव्हायडरला जी फट होती ती सिमेंटचे ठोकळे टाकून बंद केली होती. अपघात होतात म्हणून. सिग्नलचा एक खांब उभा केला, त्याला दिवे नाहीत. आता वळायचं तर पार पुढच्या चौकात जायचं. सायकलवाले तेवढं जात नाहीत. काही डिव्हायडरवरून सायकल उचलून पलीकडे टाकतात, काही उलट्या बाजूने कडेकडेने येतात, समोरून येणाऱ्या बाइकवाल्यांच्या शिव्या खात. एकेकटे. माझ्या अर्जातल्या सहापैकी एकही मुद्दा झाला नाही आणि जे मागितलं नव्हतं ते झालं.

मिलिंद टेम्पो चालवतोच आहे. दुसरं काय करणार? हॉर्नची वायर त्याने काढून टाकली होती, पण आरटीओत पासिंगच्या वेळी परत जोडावी लागली. जीन्सचे गठ्ठे, शेठ, टाइम पे माल, सगळं तसंच आहे. फक्त गल्लीच्या तोंडाशी तो हॉर्न मारत नाही. टेम्पो लांब लावून चालत येतो. पप्पा दारात खुर्ची टाकून पाय सरळ करून बसलेले असतात. दोघं एकमेकांना जेवलास का, जेवलात का एवढं विचारतात. सायकल मागच्या भिंतीला टेकवलेली आहे, पुढचं चाक मुडपलेलं. आई भंगारवाल्याला द्यायचं म्हणते. मिलिंद देऊ देत नाही, आणि दुरुस्तही करत नाही.

गेल्या सुट्टीनंतर मी निघाले ती पुन्हा दुपारच होती. गाडी पलीकडच्या बाजूला. मिलिंद बॅग घेऊन पुढे गेला होता. मी पप्पांच्या पाया पडले. ते रस्त्यापर्यंत येऊ शकत नव्हते. खुर्चीतूनच म्हणाले, "एकटीने ओलांडू नकोस. माणसं जमू दे."

मी गल्लीच्या तोंडाशी थांबले. खरंच थांबले. कॉलेजची एक मुलगी सायकल घेऊन आली, तिने दोन बाइकमधली जागा साधली आणि गेली. एक म्हातारा भाजीची पिशवी घेऊन आला, हात वर करून पळत गेला. एक बाई मोबाइल कानाला लावून गेली. माणसं येत होती. जमत कोणी नव्हतं. पलीकडून मिलिंद हाताने 'थांब, थांब' करत होता आणि मग 'ये, ये' करत होता, आणि मला त्याचं काही कळत नव्हतं.

शारजाच्या घरात फ्रिज आहे, गॅलरी आहे, भाड्याचा करार माझ्या फाइलमध्ये आहे. तरी कोणी विचारलं, घर कुठे, तर मी अजून बेलवली म्हणते. पण आता म्हणताना डोळ्यासमोर दार येत नाही, खुर्ची येत नाही. गल्लीचं तोंड येतं. तिथे मी उभी असते, अलीकडच्या बाजूला, आणि गाड्या जात असतात.