कूलरखालचं ग्रीस

पत्रक एका पानात संपलं पाहिजे. खाली आपलं नाव पाहिजे, कारण निनावी पत्रक म्हणजे भिंतीआडून मारलेला दगड. आणि आपलं काही चुकलं तर पुढच्या पत्रकात सगळ्यांत वर चूकदुरुस्ती द्यायची, तीही ज्या आकाराच्या अक्षरात चूक छापली त्याच आकारात. हे नियम मला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. शेवटचा नियम अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खास होता. एकदा पाण्याच्या टँकरच्या खेपा त्यांनी मथळ्यातच चुकीच्या छापल्या. पुढच्या पत्रकाचा निम्मा कागद दुरुस्तीने खाल्ला. आमच्या गावात, सोनईत, लोक हसले. अण्णा मात्र ते पत्रक अजून पाहुण्यांना दाखवतात.

अण्णा शाळेत मराठी शिकवत आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रेडल चालवत. ट्रेडल म्हणजे पायाने चालणारं जुनं छपाईयंत्र. बोगस बियाणं, अंगात येणाऱ्या बाया, शाळेच्या गळक्या खोल्या, सगळं त्यावर छापून झालं. मी कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपून मोठी झाले. आई घड्या घालायची. खंडेनवमीला गावभर अवजारांची पूजा व्हायची, तेव्हा आमच्याकडे हळदकुंकू नसायचं, पण अण्णा सकाळीच शेडमध्ये जाऊन ट्रेडल खोलायचे. रॉकेलच्या चिंधीने एकेक भाग पुसायचा, जुनं वंगण खरवडायचं, डब्यातलं पिवळं ग्रीस नव्याने भरायचं. पूजा नको पण सेवा हवी, असं म्हणायचे. दुपारी त्यांच्या हातांना जो वास यायचा, तो माझ्यासाठी सणाचा वास.

पुढे ट्रेडल भंगारात गेलं. झेरॉक्सवाले आमचा मजकूर वाचून कधी मशीन बिघडल्याचं सांगत, कधी कागद संपल्याचं. मग मी ठरवलं, घरी कॉम्प्युटर आणि प्रिंटर आणायचा. तयार घ्यायचा नाही, स्वतः जोडायचा. ज्या यंत्रावर आपण लिहिणार त्याच्या पोटात काय आहे हे आपल्याला माहीत असलं पाहिजे, हेही अण्णांचंच म्हणणं.

सुटे भाग मिळवून दिले माझ्या मित्राने. तो नेवाशाला एका कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीचं काम करतो. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात, दोघंही अण्णांचे विद्यार्थी. त्याचे वडील चर्चची पत्रकं वाटायचे, माझे चळवळीची. त्यामुळे दारोदार कागद देताना तोंडावर दार आपटलं की कसं वाटतं, हे आम्हा दोघांना लहानपणीच कळलं होतं, आणि मैत्री बहुधा त्यातूनच झाली. पुढे आमच्या प्रत्येक पत्रकासोबत तो खांद्याला पिशवी लावून फिरला. ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं गावातच राहून शिकावीत, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू व्हावं, हे पत्रक आम्हाला टोळ्या निघायच्या आत काढायचं होतं. मशीन त्यासाठीच होतं.

जोडणी मी केली. तो फोनवरून सांगत होता. सगळ्यात भीती वाटली ती कूलर बसवताना. प्रोसेसर म्हणजे तळहातात मावणारा पातळ चौकोन. काम करताना तो तापतो, म्हणून त्याच्यावर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा आणि वर पंखा. मधे करड्या पेस्टचा मुगाएवढा ठिपका, म्हणजे उष्णता नीट वर जाते. कूलरला प्लास्टिकचे चार पाय असतात, ते मदरबोर्डच्या भोकांत खटकन बसेपर्यंत दाबायचे. बोर्ड वाकला तेव्हा मी दोनदा हात काढून घेतला. चार खटके वाजले. पडद्यावर पहिली अक्षरं उमटली तेव्हा अण्णांनी चष्मा पुसला.

तीन आठवडे मशीन छान चाललं. दसऱ्यानंतर मी मावशीकडून, खर्ड्याहून, परत आले, पत्रक जुळवायला बसले, आणि दहाव्या मिनिटाला पंखा किंचाळायला लागला. मशीन गप्प झालं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. सुरू होताना एक पान उघडतं, त्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं. मी नुसती बघत बसले. साठ, बहात्तर, पंच्याऐंशी, चौऱ्याण्णव, आणि काळोख.

मी एकेक शक्यता तपासत गेले. पंखा फिरत होता. वायर जागेवर होती. कॅबिनेट उघडं ठेवून पाहिलं, टेबलफॅन लावून पाहिला. मग बॅटरीच्या उजेडात कूलरचे पाय निरखले. तीन ठीक होते. चौथ्याच्या डोक्याभोवती पांढुरकी पूड साचली होती. झटपट चिकटवायचा गोंद वाळला की जशी साचते तशी. बोटाने हलवला तर तो पाय नुसता भोकावर टेकलेला. मोडलेला होता, चिकटवलेला होता.

मला आठवलं, मित्राने आणलेल्या कूलरच्या खोक्याची पट्टी आधीच कापलेली होती. तपासून आणलाय, असं तो म्हणाला होता. माझ्या डोक्यात सगळं झरकन जुळलं. दुकानात कुणाचा तरी उतरवलेला कूलर आला असणार, याने पाय चिकटवून तो मला नवा म्हणून दिला. बोगस बियाण्यावरची पत्रकं ज्याने माझ्याबरोबर वाटली, त्याने. मला रडू आलं नाही. मी कागद ओढला.

मशीन बंद, म्हणून हातानेच लिहिलं. मथळा होता: आपल्यातलेच फसवणारे. तालुक्याच्या गावात दुकानात काम करणारा, स्वतःला आमचा सहकारी म्हणवणारा, मोडक्या पायाच्या कूलरसारखा जुना माल नवा म्हणून खपवणारा. लिहून झालं की ते अण्णांकडे द्यायचं, ही घरची रीत. ते व्हरांड्यात बसून वाचत होते. खूप वेळ वाचत होते. मग लाल पेनने दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, "जुना माल" खोडून "वापरलेला माल" केलं आणि कागद परत दिला.

"नाव घालू नकोस त्याचं," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, केवढा मोठा माणूस. शत्रूचीही लाज राखतो.

मी नाव घातलं नाही. घालायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स काढल्या. गंमत म्हणजे या वेळी झेरॉक्सवाल्याचं मशीन बिघडलं नाही, त्याने मजकूर चवीने वाचला. एक कागद एसटी स्टँडच्या फलकावर लागला, काही नेवाशाला गेले. संध्याकाळपर्यंत मित्राच्या मालकाने त्याला सांगितलं की हे मिटेपर्यंत कामावर येऊ नकोस. हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. हातात आमचं पत्रक, चार घड्या घातलेलं. अण्णा व्हरांड्यात होते, त्यांना त्याने नेहमीसारखा नमस्कार केला आणि थेट आत आला.

"तुझ्या अक्षरात फसवणारे लई झ्याक दिसतंय," तो म्हणाला. "मशीन कुठंय?"

मी म्हणाले, बघायचं काय त्यात, पाय मोडलेला वरूनच दिसतोय. त्याने वाकून पाहिलं. पाय मोडलेला आहे हे मान्य केलं. मग विचारलं, कूलर उचलून खालचं बघितलं का.

मी बघितलं नव्हतं. वरचं मला पुरेसं वाटलं होतं.

"पत्रक काढायच्या आधी कूलर तरी काढायचा, बाई."

मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. तीन पायांची डोकी वळवून सोडवली, चौथा नुसताच निघाला. कूलर उचलला. तिथे करडी पेस्ट असायला हवी होती, आधी मीच लावलेली. ती नव्हती. प्रोसेसरवर आणि ठोकळ्याच्या बुडाला पिवळं काहीतरी पसरलं होतं, तापून कडेला पातळ झालेलं. बोटावर घेतलं. नाकाशी न्यायचीही गरज पडली नाही. कॅबिनेटमधून तो वास वर आला. रॉकेल, आणि ट्रेडलचं ग्रीस.

मित्राने हात मागे बांधले होते. "हे आमच्या दुकानात मिळत न्हाई," तो म्हणाला.

मी मागे वळले. अण्णा दारात उभे होते. किती वेळ उभे होते, माहीत नाही.

"खंडेनवमीला?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग सांगितलं, तुटक तुटक. मी खर्ड्याला होते. इतक्या वर्षांनी घरात पुन्हा छपाईचं यंत्र आलेलं, ते तसंच कसं ठेवायचं. झाकण काढलं, धूळ पुसली. पंखा उचलला तर खाली करडा राप दिसला. ट्रेडलमध्ये वंगण जुनं झालं की असंच करडं व्हायचं. त्यांनी ते रॉकेलने पुसून काढलं, जुन्या डब्याच्या तळाशी उरलेलं ग्रीस लावलं. पंखा उचलताना पाय मोडला होता, तो चिकटवला.

"चालेल असं वाटलं," ते म्हणाले.

चूक मला समजत होती. इतकी समजत होती की दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते, त्यांना पेस्ट दाखवली असती. पण माझ्या डोळ्यांसमोर लाल पेनाच्या खुणा होत्या. जो माणूस पाय मोडला हे जाणत होता, त्याने माझा कागद सावकाश वाचला होता. वापरलेला माल हे शब्द त्याचे होते.

"तुम्ही माझं पत्रक तपासलंत, अण्णा."

आयुष्यभर ज्यांनी मला सांगितलं की गप्प बसणाराही सामील असतो, ते दाराच्या चौकटीला धरून गप्प उभे राहिले.

बोलला तो मित्र. "सर, मला फोन केला असता तर पाय घेऊन आलो असतो की. हसलोसुद्धा नसतो." आणि माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "तू पण एक फोन केला न्हाईस."

माझी फसवणूक झाली होती हे खरं. पण त्याची दोनदा झाली होती, आणि त्यातली एक माझ्या हस्ताक्षरात गावभर लागली होती.

त्याने खिशातून एक छोटी पुडी काढली. कूलरचे नवे पाय, चार. तो भांडायला आला होता तो दुरुस्तीचं सामान घेऊन. मी कापसावर स्पिरिट घेऊन ग्रीस पुसलं. तीनदा पुसावं लागलं, वास तरी जाईना. मुगाएवढी पेस्ट लावली. मी एका बाजूचे दोन पाय दाबायला निघाले तर तो म्हणाला, तिरपे समोरासमोरचे दाब, नाहीतर एक कोपरा उचलला जाईल. समोरासमोरचे दाबले. चार खटके. मग त्याने बोर्ड मागून बघायला लावला, चारही पाय सारखे बाहेर आले आहेत का. आले होते. मशीन सुरू केलं. अडतीस, एक्केचाळीस, बेचाळीस. बेचाळीसवर आकडा थांबला.

आईने चहा आणला. मित्राने तो घेतला नाही. जाताना म्हणाला, "हे तुमच्यासाठी केलं न्हाई. मशीन चांगलंय म्हणून केलं."

तो गेल्यावर मी अण्णांना म्हटलं, चूकदुरुस्ती तुम्ही लिहायची. ते शेडमध्ये गेले. तासाभराने कागद आणला. त्यावर लिहिलं होतं की मागील पत्रकातील मजकूर तांत्रिक गैरसमजातून प्रसिद्ध झाला, संबंधितांस मनस्ताप झाल्यास दिलगिरी. शाळेच्या संस्थेने असली माफी लिहिली म्हणून तिला ज्यांनी धारेवर धरलं होतं, त्यांचं हे वाक्य. मी लाल पेन घेतलं. "प्रसिद्ध झाला" खाली रेघ मारली आणि लिहिलं: कुणी केला? "झाल्यास" खाली लिहिलं: झाला. कागद परत दिला. त्यांचा कागद मी आयुष्यात पहिल्यांदा तपासला होता.

दुसरा कागद आला तोही परत केला. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. त्यावर तीनच वाक्यं होती. कूलर मी मोडला. चुकीचं वंगण मी लावलं. मुलीने निरपराध माणसावर आरोप लिहिला तेव्हा मला खरं माहीत होतं आणि मी गप्प राहिलो. खाली सही. मी त्याखाली माझी ओळ जोडली: न तपासता मी लिहिलं. मी मित्राला विचारलं नाही.

आपल्यातलेच फसवणारे ही अक्षरं जेवढी मोठी होती, तेवढ्याच अक्षरांत ते जुळवलं. वसतिगृहाच्या मजकुराला कागद उरला नाही, त्याचं दुसरं पान करावं लागलं. एका पानाचा नियम मोडला. लोक पुन्हा हसले, या वेळी अण्णांनी कुणाला ते पत्रक दाखवलं नाही. मित्राच्या मालकाने चूकदुरुस्ती दुकानाच्या काचेला चिकटवली आणि त्याला कामावर बोलावलं. तो जातो. माझा फोन उचलतो, मशीनबद्दल विचारलं तर उत्तर देतो, दुसरं काही विचारलं तर दुकानात गिऱ्हाईक असतं. पिशवी घेऊन तो पुन्हा आलेला नाही.

टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी वसतिगृहाबद्दलचं पुढचं पत्रक तयार झालं. प्रूफ काढलं. व्हरांड्यात अण्णांनी सवयीने हात पुढे केला, खिशातलं पेनही काढलं. मी त्यांच्या समोरून स्वयंपाकघरात गेले आणि कागद आईपुढे ठेवला. वीस वर्षं तिने पत्रकांना घड्या घातल्या, वाचायला तिला कुणी दिलं नव्हतं. तिने हात पुसले, चष्मा शोधला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे खरं आहे का, तू स्वतः पाहिलंस का.