मेलखालचं नाव

नऊ फेब्रुवारी, सोमवार. काम एवढंच होतं, की मेलच्या शेवटी आपोआप उमटणारं नाव बदलायचं. ह्यांचं होतं तिथं माझं घालायचं.

आमचा टॉवेलचा कारखाना म्हणजे घराच्या मागची शेड, आणि ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. मध्ये स्वयंपाकघर, आणि त्याला लागून हे आता झोपून असतात ती खोली. डिसेंबरात ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला, बोलणं गेलं. एकच शब्द उरला, ‘हो’. चहा देऊ का विचारलं तरी हो, नको ना विचारलं तरी हो. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, शब्द बाहेर येत नाहीत. सुरुवातीला भेटायला येणारे लोक खूश होऊन जायचे, कारण हे कुणालाच नाही म्हणत नव्हते. थोरल्या दिरांनी तर वळसंगच्या रानात बोअर मारायची परवानगी घेऊन टाकली. मी दुसऱ्या दिवशी फोन करून ती रद्द केली.

कारखाना हातात घ्यायच्या आधी हे एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला होते. तिथली एक सवय ह्यांनी घरी आणली. सगळं जग मेल बघायला ब्राउझर उघडतं, हे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटणारा एक जुना प्रोग्राम वापरायचे. चित्र नाही, माऊस नाही, जे काही करायचं ते बटणांवर. आमचा कॉम्प्युटर जुना, त्यात सुताची धूळ बसलेली, नेट कधी असायचं कधी नसायचं, पण हा प्रोग्राम कधी अडला नाही. येणारे-जाणारे हसायचे. सूत घेऊन येणारा एजंट म्हणायचा, रिझर्व्हेशनच्या खिडकीत बसल्यासारखं वाटतंय. हे म्हणायचे, गाडी वेळेवर सुटते ना, मग झालं.

त्या प्रोग्रामची सगळी मांडणी एका साध्या फाईलमध्ये असते. एक ओळ म्हणजे एक आज्ञा. प्रोग्रामची स्वतःची सेटिंग असतात, ती ठरलेली. त्याखेरीज एखादी गोष्ट त्यानं लक्षात ठेवावी असं आपल्याला वाटलं, तर तिला आपण नाव द्यायचं आणि नावाच्या आधी ‘माय’ लावायचं. हे आपलं घरचं व्हेरिएबल. ह्यांनी माय-सही, माय-पोच, माय-पत्ता अशी बरीच करून ठेवली होती. आणि मॅक्रो म्हणजे एका बटणाला बांधलेली दहा बटणांची कामं. एफ-टू दाबलं की उत्तराचा मेल उघडायचा, ‘आपला निरोप मिळाला, मान्य आहे, काम सुरू करतो’ एवढा मजकूर पडायचा, खाली माय-सहीमध्ये असेल ते नाव, आणि मेल गेलासुद्धा. पाठवू का, हेही विचारायचं नाही. हे शेडमधून ओरडायचे, “एफ-टू मार गं,” आणि मी पिठाच्या हातानं येऊन मारायचे. त्यामुळे बटणं मला पाठ होती. ती फाईल मात्र मी कधी उघडली नव्हती.

गोव्यातल्या हॉटेलांना टॉवेल पुरवणारे एक व्यापारी आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एका नव्या हॉटेलच्या टॉवेलांची ऑर्डर त्यांच्याकडून यायची होती, काठात हॉटेलचं चिन्ह विणून. त्या सकाळी त्यांचा फोन आला. ह्यांच्या आजारपणाचं त्यांना माहीत नव्हतं. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, की बोलता येत नाही, पेन धरता येत नाही, कारखाना मी बघते. त्यांनी तब्येतीचं विचारलं, नीट विचारलं. आणि मग कामाचं बोलले.

“वहिनी, आजवर मी एका माणसाच्या शब्दावर माल उचलला. आता तो शब्द कुणाचा, एवढं मला कळू दे. मी मेल करतो, तुम्ही तुमच्या नावानं उत्तर द्या. मग डिझाईन पाठवतो.”

यात गैर काही नव्हतं. मीही त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

मागे शेडमध्ये निम्मे माग रिकामे झाले होते. आधीची ऑर्डर संपली होती आणि गोव्याचं डिझाईन आल्याशिवाय नवं बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, मागावर चढवता येत नव्हतं. आमचा जॉबर माग दुरुस्त करतो आणि विणकरांकडून काम करून घेतो. घरी तेलुगू बोलतो, मला अक्का म्हणतो. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“अक्का, बीमचं काय करायचं सांगा की. पोरं नुसतं बसलेत.”

मी म्हटलं, उद्या सांगते.

“उद्यापतोर थांबतेत. परवा दुसऱ्याच्या मागावर जातेत. त्यास्नी बी घर हाय की.” मग त्यानं विचारलं, “अण्णा कसं हायेत?” तसेच आहेत, म्हटलं. तो गेला.

मी फाईल उघडली. माय-सही सापडलं, अगदी वरच्या बाजूला, पुढे ह्यांचं नाव. ती ओळ मी खोडली नाही. तिथंच नाव बदलता आलं असतं, तेही केलं नाही. कारण विचाराल तर काही नव्हतं. फाईलच्या तळाशी जागा होती, तिथं मी तशीच ओळ लिहिली, माय-सही, आणि पुढे माझं नाव. प्रोग्राम बंद करून परत चालू केला. गोव्याचा मेल आलेला होता. एफ-टू मारलं. पडदा क्षणभर हलला आणि मेल गेला. मी उठून ह्यांना पेज भरवायला गेले.

चार-साडेचारला फोन वाजला.

“वहिनी, सकाळी तुम्ही म्हणालात, त्यांना पेन धरता येत नाही. आता त्यांचीच कबुली आलीय. मी काय समजायचं?”

मी फोन कानाला तसाच ठेवून गेलेले मेल उघडले. खाली ह्यांचं नाव होतं. त्यांना म्हटलं, मीच पाठवलाय, नाव मशीन घालतं.

“मशीनला नाव कोण सांगतं?”

“ह्यांनी सांगून ठेवलंय.”

“मग आता तुम्ही सांगून बघा,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. “उद्या दुपारपर्यंत थांबतो. हॉटेलवाले मला थांबू देत नाहीत.”

मी माझ्याच पत्त्यावर एक मेल पाठवून त्याला एफ-टूनं उत्तर दिलं. परत ह्यांचंच नाव. फाईल पुन्हा उघडली. माझी ओळ तळाशी होती, अवतरणचिन्हं जिथल्या तिथं. काहीही चुकलेलं दिसत नव्हतं. एक मार्ग होता, प्रोग्राम सोडून द्यायचा आणि फोनवरून साधा मेल करायचा. पण दुसऱ्या कुणाला उत्तर देताना सवयीनं बोट एफ-टूवर गेलं असतं आणि परत तेच झालं असतं.

ह्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून ऑफिसात आणलं. डिसेंबरनंतर पहिल्यांदाच. दारातून आत येताना ह्यांनी मान शेडच्या दिशेला वळवली. निम्म्या मागांचा आवाज ह्यांना आतही कळला असणार. मी सांगितलं, गोव्याची ऑर्डर अडलीय. “हो,” म्हणाले. मेलखाली तुमचंच नाव जातंय, तळाशी माझं घातलंय तरी. “हो.” मी खुर्ची पडद्याजवळ लावली, फाईल उघडली आणि भाजी चिरायला घेतली. त्यांच्याकडे बघत बसून काही उपयोग नसतो, ते घाबरतात.

बऱ्याच वेळानं डावा हात वर गेला. बोट पडद्यावर वरच्या ओळीला लागलं, स्वतःच्या नावाला. तिथून एकेक ओळ खाली सरकत एफ-टूच्या ओळीशी थांबलं. मग आणखी खाली, तळाला, माझ्या ओळीवर. परत वर. परत तसंच खाली, एफ-टूशी थांबून. मी विळी बाजूला ठेवली.

प्रोग्राम फाईल वरून खाली वाचतो. एफ-टूच्या ओळीपाशी आला तेव्हा माय-सहीमध्ये ह्यांचं नाव होतं. ते त्यानं तिथल्या तिथं मॅक्रोत घालून घेतलं. मी तळाशी काय लिहिलंय ते वाचेपर्यंत मॅक्रो तयार झालेला असतो. बीम भरून मागावर चढल्यावर सुताचे कोन, म्हणजे रिळं, बदलले तर टॉवेलाचा रंग थोडाच बदलतो. हे शेडमधल्या कुठल्याही माणसानं सांगितलं असतं. मी बावीस वर्षं त्या शेडच्या पलीकडं स्वयंपाक करतेय.

“माझी ओळ एफ-टूच्या वर पाहिजे,” मी म्हटलं.

“हो.”

“अहो, मग तुमची ओळ काढू?”

“हो.”

“का राहू दे तिथंच? तुमच्या खाली माझी ठेवली तरी चालतंय.”

“हो,” ते म्हणाले. तोंडावर काही दिसत नव्हतं. निदान मला दिसलं नाही. मी उलटं विचारलं, मग सरळ विचारलं. उत्तर तेच. पडद्याचा उजेड डोळ्यांना लागत होता म्हणून त्यांनी मान वळवली, का दुसऱ्या कशासाठी, ते सांगता येत नाही. मी खुर्ची परत खोलीत नेली. जेवण, गोळ्या, कूस बदलणं, सगळं रोजच्यासारखं झालं.

सकाळी पाणी यायच्या आधी फाईल उघडली. ह्यांची ओळ काढली. तळाची माझी ओळ उचलून तिच्या जागी ठेवली. प्रोग्राम बंद करून चालू केला, स्वतःच्या पत्त्यावर एफ-टू मारून बघितलं. माझं नाव आलं. गोव्याला मात्र बटणानं उत्तर दिलं नाही, हातानं टाईप केलं, की कालचा मेल माझा होता, यापुढं काही चुकलं तर मला विचारा. खाली नावही हातानंच लिहिलं. डिझाईन नऊच्या सुमाराला आलं. वर मजकूर नव्हता, फक्त ‘ठीक’ एवढंच. मी शेडमध्ये जाऊन जॉबरला बीम भरायला सांगितलं. त्यानं विणकरांना हाक मारली. ह्यांची दाढी वाढली होती. आत येऊन पाणी गरम केलं आणि ती करायला घेतली.