आत्याचं सिंगापूर

अंजनगाव सुर्जीच्या बाजारात केळीच्या एका व्यापाऱ्यानं हसत हसत एक वाक्य टाकलं, आणि त्या वाक्यापायी माझी आत्या ऐंशीच्या घरात असताना सिंगापूरला जाऊन आली. मी सोबत होते, म्हणून सांगते.

आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. आता अकोल्याला जुन्या शहरात एकटी राहते. मी अमरावतीला शाळेत शिकवते. आम्ही दोघी एका लग्नाहून परतताना केळी घ्यायला थांबलो होतो. व्यापारी मुसलमान, पन्नाशीचा, मोठा बोलका. आत्यानं त्याचं मोहल्ला-घराणं विचारलं आणि एकदम म्हणाली, "तुमच्या घरचा एक जन इंग्रजाच्या लढाईत गेल्ता ना?"

तो हसला. "हाव ना खाला. आमच्या आजोबाचा भाऊ. थो तर सिंगापूरले पयून गेला. तिथंच निकाह केला, हॉटेल टाकलं म्हनतात. घरादाराले विसरला, दुसरं काय!"

आत्यानं हातातली केळ्यांची फणी खाली ठेवली. "कोन म्हनते पयाला?"

"सारेच म्हनतात."

"सारे खोटं बोलून राहिले."

व्यापाऱ्याला वाटलं म्हातारी केळ्यांचा भाव पाडायला भांडते आहे. त्यानं दोन केळी जास्तीची दिली. आत्यानं ती घेतली नाहीत.

गाडीत तिनं मला जे सांगितलं त्यातलं निम्मं मी लहानपणी ऐकलेलं होतं. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो, दुसऱ्या महायुद्धात दवाखान्याच्या तुकडीत होते. जखमी माणसाला स्ट्रेचरवर घालून मागे आणायचं काम. स्ट्रेचर दोघं उचलतात. मागच्या बाजूला आबाजी असत आणि पुढच्या बाजूला अंजनगावचा एक जण, त्यांच्यासोबतच भरती झालेला. तोच या व्यापाऱ्याचा चुलत आजा. सिंगापूर पडलं तेव्हा दोघंही जपान्यांच्या कैदेत गेले. छावणीत त्याला हगवण लागली आणि तो गेला. आबाजींनी स्वतःच्या हातानं त्याला रबराच्या झाडाखाली पुरलं.

लढाई संपल्यावर आबाजी परतले आणि आधी अंजनगावला गेले. त्याच्या बापानं ऐकूनच घेतलं नाही. "माझा पोरगा येणार आहे," म्हणून त्यांना दारातून हाकललं. मेल्याची खबर आणणाऱ्याला कोण घरात घेतं? घरचे वाट पाहत राहिले. वाट पाहून थकल्यावर रागावले. पुढच्या पिढीला तो रागही उरला नाही, नुसता विनोद उरला.

"बाबानं सांगतलेलं कोनी मानलं नाई," आत्या म्हणाली. "काहून मानतील? सांगनारा कोन व्हता, तर गावकुसाबाहेरचा."

आबाजी गावात परतले तेव्हा पायात पलटणीचे बूट होते. पाटलाच्या दारावरून जाताना ते काढायला सांगितलं गेलं. त्यांनी काढले नाहीत. त्यावरून मारामारी झाली आणि त्यांनी गाव सोडून अकोला गाठलं. पुढं छप्पन साली दीक्षा घेतली. आत्या त्यांचीच लेक. नमतं घेणं तिला कोणी शिकवलंच नाही.

महिनाभरानं तिचा फोन आला. "पासपोर्ट काढाले काय काय लागते?"

घरात गहजब झाला. माझा भाऊ म्हणाला, आत्या, तुझे गुडघे बघ, तुला साखर आहे, जायचंच तर बुद्धगयेला जा. ती म्हणाली, "तिथं दोनदा जाऊन आली. तिथं काई कोनी माह्या बापाले खोटं पाडत नाई." पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. त्यानं विचारलं, "आजी, सिंगापूरले काहून चालल्या?" तर म्हणे, "माहा बाप जाऊन आला, म्या काहून जाऊ नये?" तो बिचारा चहा पिऊन सही घेऊन गेला.

आम्ही एका टूरबरोबर गेलो. बाकी सगळे दिवस बागा, मॉल, रोषणाई. आत्यानं ते सगळं सहन केलं. तिचा डोळा एका सकाळवर होता: बेटावरची युद्धाची ठिकाणं दाखवणारी अर्ध्या दिवसाची सहल. ज्यांना हवं त्यांनीच यायचं होतं. बहुतेक जण खरेदीला गेले. छोट्या गाडीत आम्ही दोघी, पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी, आणखी चार-पाच जण. गाइड तिथलाच, तमिळ मुसलमान, डोक्याला पांढरी टोपी. इंग्रजी झरझर बोलायचा आणि आत्यासाठी मोडकी हिंदी.

पहिल्यांदा समुद्रकाठचा किल्ला. मोठमोठ्या तोफा, भुयारं, दारूगोळ्याच्या कोठड्या. बाहेर इतकं दमट की आत्याचं लुगडं पाठीला चिकटलं होतं. ती प्रत्येक पायरी उतरली. एका दालनात टेबलाभोवती मेणाचे पुतळे बसवले होते, शरणागतीचा प्रसंग. एकीकडे इंग्रज साहेब, दुसरीकडे जपानी साहेब. आत्या पुतळ्यांच्या मागे, कोपऱ्यांत बघत राहिली.

"यात आपले कुठं हायेत?"

गाइडनं भिंतीवरचा एक फोटो दाखवला. जमिनीवर बसलेले हिंदी सैनिक, रांगेत, खाली मान घातलेले.

पुण्याचे गृहस्थ फोटोजवळ गेले. "आपल्याकडचे लढलेच कुठे?" ते पत्नीला म्हणाले. "हात वर केले आणि बसले. काही तर लगेच पळाले सुद्धा."

ते आत्याला उद्देशून नव्हतं. पण त्या दालनात आवाज घुमतो.

"तुमी व्हते का तिथं?" आत्यानं विचारलं.

ते दचकले. "नाही हो आजी. वाचलेलं आहे."

"माहा बाप व्हता. हात वर कराचा हुकूम साहेबानं देल्ला, शिपायानं नाई. थे पाहा, टेबलावर बसून कोन सही करून राहिला? गोळीबार थांबला तवा माह्या बापाच्या हातात स्ट्रेचर व्हतं. त्याच्यावर मानूस व्हता. हात वर कसे करन? मानूस खाली टाकून?"

"मी सर्वसाधारण बोललो. आपण जरा हळू बोलू या का? बाकीचे लोक बघतायत."

"पाहू द्या. पाहालेच आले ना सारे."

माझा चेहरा तापला होता, पण लाजेनं नाही. मी शाळेत इतकी वर्षं इतिहास शिकवते, शरणागतीची ओळ फळ्यावर लिहिते. त्या ओळीतला माणूस माझ्याच घरात जेवत होता, हे मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतंच. पण कुणी विचारलं नव्हतं. आत्या विचारण्याची वाट पाहत नव्हती.

गाइडनं मला बाजूला घेऊन विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं, अंजनगावच्या माणसासकट. पुढच्या दोन ठिकाणी सैनिकांविषयी सांगताना तो आधी आत्याकडे बघायचा.

शेवटचं ठिकाण दफनभूमी. टेकडीवर हिरवंगार गवत, पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा, वरती उंच खांबांवर कोरलेली नावं. गाइड म्हणाला, ज्यांची कबर सापडली नाही त्यांची नावं इथं आहेत, शोधायचं असेल तर शोधू. मी शोधलं. अंजनगावच्या त्या माणसाचं नाव त्या काळी घरोघरी असायचं. तसली नावं खांबांवर पुष्कळ निघाली. बापाचं नाव नाही, गाव नाही. आपला कोणता, हे कळायला काही मार्ग नव्हता.

मी खाली येऊन आत्याला तसं सांगितलं. मला वाटलं तिला वाईट वाटेल.

"मंग काय झालं? दगडानं सांगावं तवाच खरं का? माह्या बापानं सांगतलं हाय."

तोवर वेळ संपला होता. लोक गाडीत बसले होते, पुढं जेवण आणि त्यानंतर कुठलंसं दुकान. पुण्याच्या गृहस्थांनी खिडकीतून हाक मारली, "चला आजी, गाडी सुटेल."

"सुटू द्या," आत्या म्हणाली, आणि गवतावर मांडी घालून बसली. गुडघे दुखतात म्हणून घरी ती पाटावरसुद्धा बसत नाही.

तिनं हात जोडून त्रिशरण म्हटलं, मोठ्यानं. मग थांबली आणि गाइडकडे बघितलं. "बाबू, थो तुमच्यातला व्हता. त्याचं त्याले भेटलं पायजे. तुले येते का काई?"

मी हिंदीत सांगायच्या आत त्याला कळलं. त्यानं घड्याळ पाहिलं, गाडीकडे पाहिलं. मग ड्रायव्हरला हातानंच 'थांब' म्हणून खूण केली, आत्याच्या शेजारी उभा राहिला आणि दोन्ही हात पुढं धरून फातिहा म्हणू लागला. मध्येच गाडीचं दार वाजलं. पुण्याच्या गृहस्थांच्या पत्नी उतरून आल्या, चपला काढून आत्याच्या मागं उभ्या राहिल्या. ते स्वतः आले नाहीत. परतीच्या विमानापर्यंत ते आमच्याशी बोलले नाहीत, आत्याही बोलली नाही.

उठताना आत्याला आम्ही तिघांनी धरलं. गाइड म्हणाला, "अम्मा, इधर सब ऑफिसर का पूछते. ये पहली बार." आत्या म्हणाली, "आता तूच सांगत जाय."

अमरावतीला आल्यावर मला वाटलं, संपलं. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही अंजनगावच्या बाजारात उभ्या होतो. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाइकं, बाहेर हमाल घड चढवत होते. व्यापाऱ्यानं आत्याला ओळखलं. "आओ खाला, भेटला का आमचा हॉटेलवाला?"

"भेटला नाई. मेला हाय थो. तवाच मेला," आत्या त्या सगळ्यांसमोर म्हणाली. "माह्या बापानं मूठमाती देल्ली त्याले. थो पयाला नाई. निकाह नाई केला, हॉटेल नाई टाकलं. बंदुकीच्या गोयांखालून लोकायले उचलून आनत व्हता. तुमच्या आजोबाच्या बापाले सांगाले माहा बाप आल्ता, तर त्याले हाकललं. आता म्या आली. मलेही हाकलाचं असन तर हाकला, पन पयाला म्हनू नका."

मला वाटलं व्यापारी चिडेल. चारचौघांत घराण्याची गोष्ट काढली होती. त्यानं काही पुरावा आहे का म्हणून विचारलं असतं तर आमच्याकडे तिथल्या हिरव्या गवताचे दोन फोटो होते, बस.

त्यानं विचारलं नाही. गल्ल्यामागून बाहेर आला, आत्याला खुर्ची दिली आणि स्वतः खाली केळीच्या पानांवर बसला. "बीमारी काय व्हती?"

आत्यानं सांगितलं. नर्सनं सांगावं तसं, काही न लपवता.

"पानी पाजाले कोनी व्हतं?"

"माहा बाप व्हता."

"त्याच्या हातचं पेला?"

"अखरीचं पानी त्याच्याच हातचं."

त्यानं डोळ्यांवर रुमाल धरला. मग आत घरात निरोप पाठवला की आज संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर साऱ्यांनी थांबायचं, मोठ्या दादाजीसाठी फातिहा आहे. आम्हाला जाऊ दिलं नाही. जेवण झाल्यावर त्याची सून, दोन लेकी, सगळी आत्याभोवती बसली. त्यांच्याकडे त्या माणसाचा एकही फोटो नव्हता.

"खाला, दिसाले कसा व्हता, तुमचे वालिद काई सांगत?" व्यापाऱ्यानं विचारलं.

आत्यानं आठवून सांगितलं. लई उंच होता. स्ट्रेचर पुढून नेहमी वर उचललेलं राहायचं, आणि वरचा जखमी घसरत मागं यायचा, आबाजींच्या छातीला टेकायचा. आबाजी पुढच्याला शिव्या घालायचे, वाकून चाल म्हणायचे. तो काही वाकायचा नाही.