परत पाठवायचं की नाही

आमच्या महिला मंडळाचा एक नियम आहे. ज्या घरी प्रार्थना असेल, त्या घरातली प्रत्येक बाई गोलात बसते. पाळीपाळीने एकेकीने एकेक वचन वाचायचं, त्यावर दोन शब्द बोलायचे आणि अध्याय मध्येच सोडायचा नाही. हा नियम मंडळातल्या सगळ्यात वडील, आमच्या मोठ्या बाईंनी घातला. सुरतेत मराठी ख्रिस्ती घरं थोडी, आणि आमची मराठी उपासना आजवर टिकली ती त्यांच्या हट्टामुळे, हे मी आधीच सांगून टाकते.

त्यांच्या घरी प्रार्थना असली की मात्र एक बाई गोलात नसे. ती आत चहा करत असे. नवापूरकडच्या एका खेड्यातून, आई वारल्यावर, मोठ्या बाईंनी तिला लहानपणीच आणलं होतं. खाऊ घातलं, कपडे केले, वाचायला शिकवलं, तेही पवित्र शास्त्रावरूनच. आता ती तिशी ओलांडलेली. पगाराचा विषय कधी निघाला नाही, कारण ती मुलीसारखी. लग्नाचाही निघाला नाही. ती मात्र त्यांना आई म्हणत नसे, बाई म्हणे.

एका सकाळी ती पिशवी घेऊन सुरतेच्या भेस्तान भागात माझ्या दारात उभी राहिली. मी साड्यांना लेस लावायचं काम घेते. पुढच्या खोलीत मशिनी आहेत, आजूबाजूच्या बायका येऊन चालवतात.

“ताई, मला मशीन शिकवा. आणि झोपायला जागा द्या.”

“बाईंना सांगून आलीस?”

“सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी भाजी चिरून ठेव. चिरली, मग आले.”

मला हसू आलं. तिलाही आलं. मी तिला आत घेतलं आणि मशिनीवर बसवलं. पहिल्या साडीची लेस तिने उलटी लावली, दुसरीची बरी लावली.

दुपारी मोठ्या बाईंचा फोन आला. “तिला परत पाठव.”

“तिला यायचं असेल तर येईल, बाई.”

“तिला काय कळतं? आणि माझ्या गोळ्या कोण देणार?”

गोळ्यांचा प्रश्न खरा होता. मी म्हटलं, त्याची काहीतरी सोय करू. त्यांनी फोन ठेवला. रविवारी उपासना संपल्यावर सगळ्यांदेखत त्यांनी जाहीर केलं, की या वेळची प्रार्थना भेस्तानला माझ्या घरी आणि अध्याय त्या निवडणार. कोणता, हेही सांगितलं. पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र.

तिने ते ऐकलं आणि घरी येताना रिक्षात म्हणाली, “त्यात पौल फिलेमोनाच्या पळून गेलेल्या गुलामाला त्याच्याकडे परत पाठवतो ना? मला पाठ आहे ते. ताई, सगळ्यांनी जा म्हटलं तर मला जावं लागेल. मंडळीशिवाय मला कोण आहे?”

मी काही आश्वासन दिलं नाही. दिलेलं मोडावं लागलं तर काय करायचं?

दुसऱ्या दिवशी काम लवकर आवरून मी शास्त्र घेऊन बसले. गुलामगिरीवर आमच्या चर्चचे पाळकसाहेब नेहमी म्हणतात की तेव्हाची पद्धत वेगळी होती. असेलही. पण बायबलात गुलाम आहेत, मालक आहेत, गुलामांनी आज्ञा पाळावी असंही लिहिलंय, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पौलाला एका ओळीत सांगता आलं असतं की माणसाने माणूस बाळगू नये. त्याने सांगितलं नाही. का नाही, हे मला आजही कळत नाही. पण त्याच शास्त्रात मोशेच्या नियमात असंही आहे, की धन्याकडून पळून आलेल्या गुलामाला धन्याच्या हाती देऊ नका, त्याला आवडेल तिथे राहू द्या. मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या फारो राजाच्या गुलामीतून, सुटून आलेल्या लोकांसाठीचा नियम तो. आमच्या मंडळात तो मी कधी वाचलेला ऐकला नव्हता.

प्रार्थनेच्या दिवशी सगळ्या आल्या. मशिनी भिंतीला सरकवल्या, सतरंजी घातली. ती सवयीने स्वयंपाकघराकडे वळली, तशी मी म्हटलं, “इकडे बस. नियम आहे.” चहा माझ्या नवऱ्याने टाकला. तो आलं फार घालतो, पण त्या दिवशी मी बोलले नाही.

वाचन सुरू झालं. परत पाठवण्याचं वचन पाळकीणबाईंच्या वाट्याला आलं. त्या काही बोलायच्या आतच मोठ्या बाई म्हणाल्या, “झालं. पौलाने स्वतः परत पाठवला. आता अजून काय वाचायचं?”

“बाई, अध्याय मध्येच सोडायचा नाही,” माझ्या शेजारची म्हणाली. ती तोंडाळ आहे, पण नियमाला पक्की.

मग वाचन पुढे सरकलं आणि मोठ्या बाईंची पाळी आली. त्यांच्या वाट्याला आलं ते असं, की आता त्याला गुलाम म्हणून नको, त्याहून जास्त, प्रिय भाऊ म्हणून घे. त्यांनी ते त्यांच्या ठणठणीत आवाजात शेवटपर्यंत वाचलं आणि लगेच पुढचीकडे बघितलं. इतकी वर्षं त्यांना पत्रातलं परत पाठवणं तेवढं लक्षात राहिलं होतं.

“दोन शब्द, बाई,” शेजारची म्हणाली.

“पाठवला तर खरा ना?”

मी म्हटलं, “पाठवला. पण काय म्हणून घे, ते तुम्हीच वाचलंत.” आणि मोशेचा नियमही सांगितला.

“म्हणजे मी काय मिसरातला फारो?”

“फारोला कुणी शिव्या दिल्या नाहीत, बाई. त्याला एवढंच सांगितलं, की लोकांना जाऊ दे.”

आतून चहा उतू गेल्याचा वास आला. पाळकीणबाईंनी हळूच पुढचीला खूण केली आणि वाचन पुन्हा सुरू झालं. शेवटाकडे तिची पाळी आली. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं. पौल लिहितो, की मी येईन असं वाटतं, तर माझ्या राहण्याची तयारी करून ठेव.

वाचून तिने मान वर केली. “बघा! इथेही खोली मलाच आवरायची.”

पहिलं हसू कुणाचं, सांगता येणार नाही. शेवटचं मोठ्या बाईंचं होतं, आणि ते थांबेना. डोळे पुसत त्यांनी विचारलं, “येणारच नाहीस का गं?”

“येईन की, बाई. रविवारी उपासनेनंतर येईन. आठवडाभराच्या गोळ्या डबीत भरून देईन. पण राहीन इथेच.”

“लेस तरी सरळ लावतेस का?”

“लावते आता.”

एवढंच झालं. कुणी कुणाची माफी मागितली नाही आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

पुढची प्रार्थना मोठ्या बाईंच्या घरी होती. ती माझ्यासोबत पुढच्या दाराने आत आली आणि गोलात बसली. शेवटी मोठ्या बाई गुडघ्यावर हात टेकून चहा करायला उठल्या. ती अर्धी उठली, तशा म्हणाल्या, “बस. तू पाहुणी आहेस.”

चहा फार गोड झाला होता. तिने दुसरा कप मागून घेतला.